लहान आतडे आणि टेनिस कोर्ट: एका जुन्या उपमेचा खुलासा

माणसाचे लहान आतडे उलगडून पसरले तर टेनिस कोर्ट झाकले जाईल, हे विधान शालेय पुस्तकांपासून आरोग्यविषयक लेखांपर्यंत अनेक दशके फिरत आले आहे; मात्र ते खरे नाही.

या विधानामागे एक गुणाकार आहे. गुळगुळीत नळीचे क्षेत्रफळ सुमारे ०.३३ चौरस मीटर धरायचे, अस्तराच्या वळ्यांमुळे ते ३ पट, त्यावरील विलाय नावाच्या बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे १० पट आणि प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावरील मायक्रोव्हिलाय म्हणजे त्याहूनही सूक्ष्म उंचवट्यांमुळे २० पट वाढते असे मानायचे, की उत्तर २०० चौरस मीटर येते. रचनेचे वर्णन अचूकच आहे. चूक मापांत आहे, आणि गुणाकारात लहान चुकाही फुगतात. शिवाय मृत शरीरातील आतडे सैल पडून लांबते, जिवंतपणी ते बरेच आखूड असते.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील हेलँडर आणि फँड्रिक्स या संशोधकांनी २०१४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील मोजमापांच्या आधारे हा हिशेब नव्याने मांडला. त्यांच्या मते वळ्यांमुळे क्षेत्रफळ जेमतेम १.६ पट वाढते, तर विलाय आणि मायक्रोव्हिलाय मिळून ६० ते १२० पट वाढ करतात. संपूर्ण पचनमार्गाच्या आतील पृष्ठभाग सरासरी ३२ चौरस मीटर भरला आणि त्यात मोठ्या आतड्याचा वाटा केवळ २ चौरस मीटरच्या आसपास होता. उपमाच हवी असेल तर बॅडमिंटनचे अर्धे कोर्टही पूर्ण झाकले जाणार नाही, असे म्हणावे लागेल.