तपकिरी पिसांतले नर

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईत सुरू झाली, तेव्हा पक्ष्याचं लिंग ठरवायचा खात्रीचा मार्ग एकच होता: पोट उघडून आतल्या ग्रंथी पाहायच्या आणि पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर नर-मादीची खूण करायची. विणीचा हंगाम सरला की या ग्रंथी आक्रसतात. छर्ऱ्याने फाटलेल्या पक्ष्यात तर त्या सापडणंच मुश्कील. मग रंगावरून खूण व्हायची. तपकिरी दिसली की मादी! कोवळे नर असे संग्रहातल्या माद्यांच्या खणात जाऊन पडत.

न्यूयॉर्कच्या जोनाथन ड्वाइट यांनी १९०० साली तिथल्या गाणाऱ्या पक्ष्यांची पिसं कोणत्या क्रमाने झडतात आणि नवी येतात, हे जातवार मांडलं. रंगापेक्षा पिसाचं वय पाहायची सवय अशा कामांतून रुजली. आपल्याकडे तिची निकड वाढली ती पक्ष्याच्या पायात ओळखीचं वाळं घालून त्याला सोडून देण्याच्या कामामुळे. १९५९ पासून सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतराच्या अभ्यासासाठी मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना वाळी घातली. सोडून द्यायचा पक्षी कापून कसा पाहणार?

घरट्यात पिल्लाची सगळी पिसं एकदमच फुटतात, म्हणून ती विरळ आणि कच्ची असतात. बाहेर पडल्यावर थोड्याच आठवड्यांत अंगावरची बदलतात. पंखाची उड्डाणपिसं आणि शेपूट मात्र बऱ्याच जातींत पुढच्या वर्षापर्यंत जुनीच राहतात. उड्डाणपिसांची मुळं झाकणाऱ्या मोठ्या पिसांची रांग पाहावी. आतली नवी पिसं लांब, गडद. बाहेरची जुनी आखूड, विटकी, टोकाला बहुधा फिकट. जिथे हा फरक पडतो तिथेच वय कळतं. मे महिन्यापर्यंत उन्हाने सगळंच विटतं आणि सीमारेषा पुसट होते. शेपटीवरच्या वाढीच्या पुसट रेषा सर्व पिसांवर एका ओळीत आल्या, तर पक्षी पहिल्या वर्षाचा असावा. पण मांजराच्या तावडीत शेपूट गमावलेल्या प्रौढाचीही नवी शेपूट एकदमच उगवते. नुसत्या रेषांवर भिस्त ठेवू नये.

चिमणी इथे दगा देते. तिची पिल्लं पहिल्याच वेळी पंख-शेपटीसकट सगळी पिसं बदलतात, त्यानंतर पिसांवरून वय सांगता येत नाही. जांभळ्या शिंजीराचा नर विणीनंतर पिवळट होतो, गळ्यापासून खाली काळी रेघ उरते. कोवळ्या नरालाही तशीच रेघ फुटते. अशा वेळी पंख पाहा: प्रौढाचा काळाभोर, पिल्लाचा तपकिरी. दयाळच्या पिल्लाची छाती ठिपक्यांची असते, ती लगेच ओळखू येते. लालबुड्या बुलबुलाच्या पिल्लाची बुडाची लाली फिकी असते, पण नर-मादी रंगाने सारखेच. तिथे १९९० च्या दशकात आलेली डीएनए चाचणीच कामाची.

युरोपातल्या नोंदपद्धतीत १ जानेवारीला प्रत्येक पक्षी एका वर्षाने मोठा होतो. मुंबईत चिमणी जवळपास वर्षभर अंडी घालते. डिसेंबरात उडालेलं पिल्लू महिन्याभरात ‘दुसऱ्या वर्षात’ जातं. त्यामुळे नोंदीत वयाचा आकडा लिहिण्याआधी महिना आणि कोणती पिसं जुनी आहेत ते लिहिलेलं बरं.