पार्श्वभूमी : पहिलीतल्या भाषांचा वाद आणि सुरगाणा-पेठची मुलं

पहिलीपासून मराठी-इंग्रजीबरोबर हिंदी ही तिसरी भाषा हवी की नको, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात राज्यात जे रान पेटलं, त्यात एक गोष्ट सगळ्यांनीच धरून चालली होती : महाराष्ट्रातलं मूल घरून मराठी घेऊन शाळेत येतं. नाशिक शहरात ते बहुतांशी खरं आहे. घाट ओलांडून सुरगाणा, पेठच्या पाड्यांवर गेलं की ते खरं राहत नाही. तिथलं मूल कोकणी बोलत येतं. ही किनाऱ्यावरची कोकणी नव्हे, डांगच्या सीमेवरची, जिला कुकणा किंवा डांगीही म्हणतात ती. काही घरांत वारली, काहींत भिली. बागलाण-कळवणकडे अहिराणी. जिल्ह्याची सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या आदिवासी आहे आणि या दोन तालुक्यांत तर ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर जातं.

अंगणवाडीची कल्पना तशी नाशिकच्या शेजारचीच. १९४५ मध्ये बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर (दोन्ही आताच्या पालघर जिल्ह्यात) ज्यांनी हे काम उभं केलं, त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या लक्षात आलं की वारली मुलं बालवाडीत येत नाहीत. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आजच्या अंगणवाड्यांची योजना, देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पूर्वशालेय शिक्षण ही फक्त एक. वजनकाटा, लस आणि खिचडी यांनी बाकीची जागा व्यापली. कुपोषणाच्या पट्ट्यात त्यात गैर काहीच नव्हतं, पण मूल बोलतं का, कोणाशी खेळतं, रडलं तर कोणाकडे जातं, याची नोंद कोणी मागत नव्हतं. वजनाची मात्र दर महिन्याला मागत होते. शिक्षण हक्क कायदाही २००९ मध्ये आला तो सहाव्या वर्षापासूनच.

चित्र पालटलं ते २०२० च्या राष्ट्रीय धोरणानंतर. तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा ठरला आणि शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं कागदावर आलं. नेमक्या त्याच वेळी टाळेबंदीत अंगणवाड्या बंद होत्या. त्या काळातली मुलं पहिलीच्या दारात आली तेव्हा राज्याने ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू केले. शाळेच्या आवारात टेबलं मांडायची : शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी. मूल एकेका टेबलावर जाणार आणि त्याचं विकासपत्र भरलं जाणार.

सुरगाण्याकडच्या अशाच एका मेळाव्यात भाषेच्या टेबलावर बाजाराचं चित्र होतं. ‘चित्रात काय काय दिसतंय, सांग बरं,’ असं गुरुजी अगदी प्रेमाने विचारत होते. पोरगी चित्राकडे बघत गप्प. मागून अंगणवाडीच्या मदतनीसबाईंनी तेच कोकणीत विचारलं, तशी ती जी सुटली ती थांबेचना. कोंबडा विकायला आणलाय, त्याचे पाय बांधलेत, म्हातारीकडे सुट्टे पैसे नाहीत! चित्रात नसलेलंही तिने भर घालून सांगितलं. पत्रावर मात्र ‘मदत लागली’ अशा अर्थाची खूण झाली. सामाजिक-भावनिकच्या टेबलावर तीच मुलगी ‘लाजरी’ ठरली. नव्या भाषेत पडलेलं मूल काही काळ नुसतं ऐकतं, बोलत नाही. हे भाषा शिकण्याचंच एक पाऊल आहे. पण आपल्या फॉर्मात त्यासाठी रकाना नाही, म्हणून त्याची नोंद स्वभाव म्हणून होते.

आता तिसऱ्या भाषेच्या त्या निर्णयाकडे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. आरडाओरड झाल्यावर आठवडाभरातच सक्ती नसल्याचं जाहीर झालं. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस विद्यार्थ्यांची मागणी हवी, नाहीतर ती ऑनलाइन शिका! ज्या पाड्यावरच्या चार वर्गांच्या शाळेत मिळून पंचवीस पोरं आणि दोन शिक्षक, तिथे ही अट कोणासाठी लिहिली होती, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि प्रश्न समितीकडे गेला.

विरोधकांचा शैक्षणिक मुद्दा भक्कम होता. सहा वर्षांच्या मुलाची घरची भाषा पक्की व्हायच्या आत तिच्यावर आणखी दोन लादू नयेत. पण हाच मुद्दा सुरगाण्यात नेऊन ठेवला तर मराठी ही दुसरी, इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथी होते. आझाद मैदानापासून वाहिन्यांच्या चर्चांपर्यंत ही गणती क्वचितच कोणी केली. सरकारने केली नाही हे समजू शकतं. मराठीच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनीही केली नाही, हे जास्त खटकतं. पाड्यावरच्या आईबापांचं म्हणणं मात्र वेगळंच असतं. ‘आमची भाषा आम्ही शिकवतोच, शाळेत मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा.’ तेही चूक नाही. तालुक्याच्या कचेरीत कोकणी बोलून दाखला मिळत नाही. प्रश्न मराठी शिकवायची की नाही हा नाहीच. पहिले सहा महिने मूल कोणत्या भाषेत रडणार, भांडणार आणि पाणी मागणार, हा आहे. बागलाणातल्या पोराने ‘माले भूक लागनी’ म्हटलं तर तिथल्या बऱ्याच गुरुजींना ते कळतं, कारण तेही घरी अहिराणीच बोलतात. कोकणीला तेवढंही नशीब नाही.

त्यात दिवाळीनंतर अर्धा पाडा द्राक्षबागांवर जातो. भात-नागली आटोपली की दिंडोरी, निफाडकडे डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवणं), विरळणी, मग काढणी. नाव गावच्या अंगणवाडीत आणि मूल बागेच्या बांधावर, झोळीतल्या भावंडाला झोके देत. परत येतं तेव्हा मार्च उलटलेला असतो. आणि ज्यांना आश्रमशाळेत घालतात, ती सहाव्या वर्षीच घर सोडून वसतिगृहात राहतात.

गावातच राहणाऱ्या बाईला सेविका नेमायची, हा अंगणवाडीचा जुना नियम या सगळ्यात नकळत उपयोगी पडत आला आहे. तिचं प्रशिक्षण प्रमाण मराठीत, रजिस्टर प्रमाण मराठीत, पण गाणी आणि दटावणी कोकणीत. २०२४ मध्ये केंद्राने तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला आणि खेळ, गोष्ट, संवाद यांना त्यात मोठी जागा आहे. सेविका ते आधीपासून करतच होती, आता त्याचा अहवाल भरते.

पहिलीत गेल्यावर हा धागा तुटतो. तो जोडणारे शिक्षक नाहीत असं नाही. काहींनी पाच-सात वर्षं राहून कोकणी शिकली, पोरांच्या आज्यांकडून गोष्टी गोळा करून वर्गात आणल्या. पण जिल्हा परिषद शिक्षकांच्या २०१७ च्या बदली धोरणानुसार अवघड क्षेत्रात, म्हणजे दुर्गम गावांत, तीन वर्षं काढली की शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’ व्हायचा, म्हणजे त्याला बदली मागायचा हक्क मिळायचा, आणि त्या प्राधान्यक्रमात आजार होते, पती-पत्नी एकत्रीकरण होतं, सेवेची वर्षं होती. मुलांची भाषा येते की नाही, याला तिथे गुण नव्हते.