वर्गणी, खंडणी आणि माणसं: डेलियन संघ वेगळा, पेलोपोनेशियन संघ वेगळा

पेलोपोनेशियन युद्धावर मराठीत कुणी काही लिहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य येतंच: एकीकडे अथेन्सचा डेलियन संघ, दुसरीकडे स्पार्टाचा पेलोपोनेशियन संघ, जणू त्या काळचे नाटो आणि वॉर्सा करार. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य: दोघंही आपापल्या मांडलिकांकडून खंडणी घेत. पहिलं वाक्य मी हल्ली दातओठ खाऊन सोडून देतो. दुसरं सोडवत नाही. ते निम्मं साफ चूक आहे, आणि तेवढी एक चूक केली की सत्तावीस वर्षांचं ते युद्ध तसं का चाललं याचा पत्ताच लागत नाही.

अथेन्सची बाजू बहुतेकांना तोंडपाठ असते, म्हणून भरभर सांगतो. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाला इराणी फौज मोडली. स्पार्टाचा सेनापती पॉसेनियस त्यानंतर इतका उर्मटपणे वागला की आयोनियातल्या (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या) आणि बेटांवरच्या ग्रीकांनी ४७८ मध्ये पुढारपण अथेन्सच्या हाती दिलं. इराणशी लढत राहायचं, त्यासाठी कुणी जहाजं द्यायची, कुणी पैसे. खजिना डेलॉस बेटावर, म्हणून डेलियन. ४५४ मध्ये तो खजिना अथेन्सला हलला. पुढचं पार्थेनॉन मंदिर वगैरे तुम्हाला माहीत आहे. एवढंच लक्षात ठेवा की हा संघ स्पार्टाच्या विरोधात निघालेला नव्हता. स्पार्टाने तेव्हा आपणहून अंग काढून घेतलं होतं आणि त्याचं तिथे कुणाला फार वाईटही वाटलेलं दिसत नाही.

किरकोळ फरक एका दमात उरकतो. दोन्ही नावं आधुनिक इतिहासकारांनी पाडलेली आहेत. त्या काळचे लोक 'अथेनियन आणि त्यांचे मित्र', 'लॅसिडेमोनियन (म्हणजे स्पार्टावाले) आणि त्यांचे मित्र' असंच म्हणत. स्पार्टाचा संघ वयाने मोठा, इ.स.पू. सहाव्या शतकातला. एकाचा जोर समुद्रावर, दुसऱ्याचा जमिनीवर, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 'अथेन्सकडे लोकशाही गावं (गाव म्हणजे इथे स्वतंत्र नगरराज्य), स्पार्टाकडे मूठभर श्रीमंतांची सत्ता' हे मात्र जरा जपून म्हणा. स्पार्टाच्या गोटातल्या मँटिनिया आणि एलिसमध्ये लोकशाही होती, आणि अथेन्सच्या गोटातल्या मिटिलिनीत सत्ता मूठभरांच्याच हाती होती.

आता मुद्द्याचं. मित्र म्हणवणारं गाव संघाला नेमकं देत काय होतं?

अथेन्सच्या संघात बहुतेकांनी चांदी दिली. ग्रीक शब्द 'फोरोस', म्हणजे आणून दिलेली गोष्ट. मराठीत याला सरसकट 'खंडणी' म्हणतात आणि इथेच घोटाळ्याला सुरुवात होते, कारण खंडणी म्हटलं की पहिल्या दिवसापासून मानेवर सुरी आली. पहिल्या दिवशी तसं नव्हतं. अथेन्सच्या ॲरिस्टायडीजने प्रत्येक गावाची ऐपत बघून आकडा ठरवला आणि एकूण बेरीज झाली ४६० टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी, म्हणजे वर्षाला जवळपास बारा टन. लोकांनी हा आकडा रास्त मानला, ॲरिस्टायडीजला 'न्यायी' हे बिरुद चिकटलं. ही वर्गणी होती. तिची खंडणी नंतर झाली, आणि ती झाली कशी हे या युद्धाचा त्याच काळातला इतिहासकार थ्युसिडिडीजने फार थंडपणे सांगून ठेवलंय. छोट्या गावांना घर सोडून महिनोनमहिने वल्ही मारायचा कंटाळा आला. जहाज देण्याऐवजी तेवढ्या किमतीचे पैसे दिले तर चालेल का, असं त्यांनीच विचारलं. अथेन्सला काय, आनंदच होता. त्या पैशातून जहाजं बांधली गेली अथेन्सच्या गोदीत आणि सराव झाला अथेन्सच्या खलाशांचा. पुढे एखाद्या गावाला बाहेर पडावंसं वाटलं, तेव्हा त्याच्याकडे ना जहाज ना जहाज चालवणारा. समोर उभं राहिलेलं आरमार मात्र त्याच्याच पैशातलं.

नॅक्सॉसने प्रयत्न केला, वेढा पडला, शरण आलं. थॅसॉसने ४६५ मध्ये केला. तिसऱ्या वर्षी त्याची तटबंदी पाडली, जहाजं काढून घेतली आणि समोरच्या किनाऱ्यावरची खाणही गेली. सॅमॉसकडे अजून स्वतःचं आरमार होतं, म्हणून ४४० मध्ये त्याला आवरायला अथेन्सला नऊ महिन्यांचा वेढा घालावा लागला. त्यानंतर त्याचीही जहाजं गेली. ४३१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा स्वतःची जहाजं बाळगणारे उरले होते फक्त किऑस आणि लेस्बॉस.

(जाता जाता: अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात साडेतीन मीटरहून उंच अशी एक शिळा आहे. तिच्यावर ४५४ पासूनच्या पंधरा वर्षांच्या रकमा गावागावाच्या नावासमोर कोरल्यात. त्या फोरोसच्या रकमा नव्हेत. फोरोसचा साठावा हिस्सा अथीना देवीला जाई, त्याचा हा हिशोब. 'शिळेवर खंडणीचे आकडे आहेत' असं लिहिणाऱ्यांनी ६० ने गुणायचं विसरू नये.)

आता स्पार्टाकडे या. तिथे फोरोस नव्हता. थोडा नव्हता, नावापुरता नव्हता, असं नाही, नव्हताच. थ्युसिडिडीज दोन्ही बाजूंची तुलना करताना हाच फरक मांडतो: स्पार्टाने मित्रांवर फोरोस बसवला नाही, गावोगावी आपल्याला सोयीच्या मूठभरांची सत्ता राहील एवढं पाहिलं. गावांनी द्यायची ती माणसं. मोहीम ठरली की प्रत्येकाने आपल्या शिपायांचा ठरलेला हिस्सा, ४३१ मध्ये दोन तृतीयांश, कॉरिंथच्या संयोगभूमीवर आणून उभा करायचा. पुढारी स्पार्टाचा राजा.

ही काही स्पार्टाची उदारता नव्हे. स्पार्टाचा नागरिक हेलॉट वेठबिगारांनी कसलेल्या जमिनीवर जगत होता, त्याला पगार द्यावा लागत नव्हता, आणि लोखंडी चलन बाळगणाऱ्या गावाला चांदीचं करायचं काय? शिवाय तेच हेलॉट पाठीमागे कधी उठतील याची धाकधूक कायम असल्याने स्पार्टाला मित्रांची माणसं हवी होती, नाराजी नको होती.

पण परिणाम बघा. जो चांदी देतो त्याचा हात रिकामा होतो. जो माणूस पाठवतो, त्या माणसाची ढाल-भाला त्याच्याच घरी खुंटीला टांगलेली असते. त्यामुळे स्पार्टाच्या मित्रांना 'नाही' म्हणता येत होतं, आणि ते म्हणत. इ.स.पू. ५०६ च्या सुमारास स्पार्टाचा राजा क्लिओमिनीज अथेन्सवर चालून निघाला, इल्यूसिसपर्यंत पोचला, आणि तिथे कॉरिंथचे लोक सरळ माघारी फिरले. स्पार्टाचा दुसरा राजाही उलटला आणि सगळी मोहीम विरघळली. थोड्याच काळात अथेन्सचा हाकललेला हुकूमशहा हिपियस याला परत गादीवर बसवायचं स्पार्टाच्या मनात आलं. मित्रांची सभा बोलावली, कॉरिंथचा प्रतिनिधी उभा राहून विरोधात बोलला, बाकीच्यांनी त्याची री ओढली. विषय संपला. अथेन्सच्या संघात पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात असं घडल्याचं एक उदाहरण मला दाखवा.

युद्ध जाहीर करायचं तर दोनदा मत पडे. ४३२ मध्ये आधी स्पार्टाच्या सभेत: एफोर, म्हणजे स्पार्टाचा निवडून आलेला वरिष्ठ अधिकारी, स्थेनेलायडस म्हणाला की आरडाओरड्यावरून कौल कळत नाहीये, तुम्ही दोन बाजूंना वेगवेगळे उभे राहा. मग मित्रांच्या सभेत, लहान-मोठं न बघता प्रत्येक गावाला एक मत. कॉरिंथवाले तर आधीच गावोगाव फिरून मतं जमवून आले होते. बहुमताचा निर्णय सगळ्यांना बंधनकारक, आणि त्यालाही एक पळवाट होती: 'देव किंवा वीरपुरुषांची आडकाठी नसेल तर'. ४२१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टात झालेल्या निशियसच्या तहाला कॉरिंथने मान्यता दिली नाही तेव्हा हेच कलम पुढे केलं. म्हणे थ्रेसमधल्या मित्रांना आम्ही शपथ दिली आहे. खरं दुखणं वेगळंच होतं, दोन गावं परत मिळाली नव्हती. पण बहाणा करायची तरी सोय होती.

आणि मोहीम नसेल तेव्हा हे मित्र आपापसात खुशाल लढत. युद्ध चालू असताना, ४२३ च्या हिवाळ्यात, टेजिया आणि मँटिनिया एकमेकांवर तुटून पडले. नाटोची उपमा देणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं ते ठरवावं.

मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते ४२८ चं साल. लेस्बॉसवरच्या मिटिलिनीने अथेन्सविरुद्ध बंड केलं. करू शकलं कारण त्याची जहाजं शाबूत होती. स्पार्टाने ठरवलं की अथेन्सवर जमिनीवरून आणि समुद्रातून एकदम जायचं. मित्रांना निरोप गेले: दोन तृतीयांश माणसं घेऊन संयोगभूमीवर या. स्पार्टाचे लोक सगळ्यांच्या आधी पोचले आणि जहाजं जमिनीवरून ओढून पलीकडच्या समुद्रात न्यायची यंत्रणा उभारायला लागले. मित्र येईनात. रानात पीक काढणीला आलं होतं, आणि त्या वर्षी एकदा स्वारी करून झाली होती. तिकडे अथेन्सने, आपण अजून खचलेलो नाही हे दाखवायला, नागरिक आणि तिथे राहणारे परके मिळून शंभर जहाजं भरली आणि पेलोपोनीजच्या किनाऱ्याला लावली. ते बघून स्पार्टाचे लोक घरी गेले. एका बाजूला शेत टाकून यायला तयार नसलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला शंभर जहाजांवरचे हजारो वल्हेकरी. हा फरक शौर्याचा नव्हता. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्या हिशोबाप्रमाणे युद्धाच्या सुरुवातीला अथेन्सला मित्रांकडून वर्षाला साधारण ६०० टॅलंट येत होते आणि अक्रोपोलिसवर ६,००० टॅलंट नाणी शिलकीत होती. स्पार्टाचा राजा आर्किडेमस त्याच सुमारास आपल्या लोकांना सांगत होता की आपल्याकडे सामायिक खजिना नाही आणि खिशातून द्यायलाही कुणी राजी नसतो.

म्हणूनच स्पार्टाला शेवटी पैसा बाहेरून आणावा लागला, आणि तो आला इराणकडून. ४०७ मध्ये स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडरने इराणी राजपुत्र सायरसकडून खलाशांचा रोज तीन ओबोलवरून (ओबोल म्हणजे चांदीचं छोटं नाणं) चार करून घेतला, आणि अथेन्सच्या जहाजांवरचे भाडोत्री वल्हेकरी इकडे वळायची सोय झाली. दोन वर्षांनी इगोस्पोटामीला अथेन्सचं आरमार संपलं.

विजयानंतर स्पार्टाला अथेन्सचीच खोड लागली. जिंकलेल्या गावांत हार्मोस्ट नावाचे अधिकारी बसवले, फोरोस वसूल करायला सुरुवात केली, लुटीत मित्रांना वाटा नाही. ३९५ मध्ये कॉरिंथ आणि थीब्ज, तेच जे अथेन्सला बेचिराख करा म्हणत होते, अथेन्सच्या बाजूने स्पार्टाशी लढायला उभे राहिले. अथेन्सने ३७७ मध्ये दुसरा संघ काढला तेव्हा फोरोस घेणार नाही असं शिळेवर कोरून दिलं. मग 'सिंटॅक्सिस' नावाने रकमा गोळा होऊ लागल्या. शब्द बदलला की वसुली बदलते असं मानणारे तेव्हाही होते.

स्पार्टाच्या जुन्या संघातही तोवर चांदी शिरली होती. उत्तरेकडच्या ऑलिंथस शहरावरच्या मोहिमेसाठी ३८२ च्या सुमारास मित्रांच्याच सभेत ठरलं की ज्याला शिपाई पाठवायचा नसेल त्याने माणसामागे दिवसाला एजिना बेटाच्या चलनातले तीन ओबोल भरावेत. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला स्पार्टा थीब्जकडून हरला. पाचेक वर्षांनी कॉरिंथचे वकील स्पार्टात आले आणि म्हणाले, आता आमच्याने लढवत नाही, थीब्जशी तह करायची परवानगी द्या. स्पार्टाने ती दिली, आणि बाकी कुणाला थांबायचं असेल तर त्यांनीही थांबावं असं सांगितलं.