रिव्हर्स म्हणजे पंखा उलटा फिरणं नव्हे

‘उतरल्यावर वेग मोडायला रिव्हर्स टाकला की विमानाचा पंखा उलटा फिरतो,’ हा समज काही जात नाही. पंखा त्याच दिशेनं फिरत राहतो. बदलतो तो पात्यांचा कोन.

सेस्ना कॅरव्हॅन हे एका पंख्याचं छोटं विमान घ्या. तिच्या पीटी६ए इंजिनात तेलाचा दाब पाती लहान कोनाकडे ढकलतो, दाब गेला की स्प्रिंग आणि वजनं त्यांना वाऱ्याच्या रेषेत, म्हणजे फेदरकडे नेतात. चाकं टेकल्यावर पायलट पॉवर लिव्हर उचलून आयडलच्या, म्हणजे इंजिन मंद चालण्याच्या, खाचेमागे ओढतो. आधी येतो बीटा टप्पा, कोन जवळपास सपाट. आणखी मागे ओढला की कोन शून्याखाली जातो, इंधन वाढतं आणि हवा पुढे फेकली जाते. लिव्हर उचलावा लागतो तो हवेत चुकून मागे जाऊ नये म्हणून. कॅरव्हॅनला उडताना रिव्हर्सची मनाईच आहे.

वेग मंदावल्यावर रिव्हर्स ठेवला तर खडी-धूळ उडून पात्यांना टोचे पडतात, समोरचं दिसेनासं होतं. म्हणून तो लवकर सोडायचा.

सेस्ना १७२सारख्या साध्या, छोट्या विमानाला हे हवंच कशाला? कोन न बदलणारी पाती, चांगले ब्रेक, पुरे. पाण्यावरच्या विमानाला मात्र ब्रेक नसतात. धक्क्याला लागताना रिव्हर्सची खरी किंमत कळते.