अलिप्त म्हणजे नेमकं कशापासून?

'अलिप्त' या शब्दाने मराठी वाचकाची पंचाईत करून ठेवली आहे. पहिल्या महायुद्धानंतरची अमेरिका अलिप्त आणि नेहरूंचा भारतही अलिप्त, असं आपण एका दमात लिहून मोकळे होतो. धोरणं मात्र जवळजवळ उलटी होती. म्हणून अमेरिकेच्या धोरणाला मी विलगतावाद म्हणतो. (कुणी 'अलगतावाद' म्हणतात, चालेल, पण हिंदीतला 'अलगाववाद' निराळा, तो म्हणजे फुटीरतावाद.)

विलगतावादाचं म्हणणं सरळ आहे: परक्यांची भांडणं परक्यांना लखलाभ. कायमच्या युतींपासून दूर राहा, असा सल्ला अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्येच दिला होता. पुढे अमेरिकी सिनेटने पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह फेटाळला आणि अध्यक्ष विल्सन यांनीच पुढाकार घेतलेल्या राष्ट्रसंघात (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेत) त्यांचा स्वतःचा देश गेला नाही. १९३५ पासून तर तटस्थतेचे कायदे करून लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायलाही मनाई केली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले, तेव्हा हा विलगतावाद संपला. गंमत म्हणजे याच अमेरिकेचं सैन्य १९१५ ते १९३४ हैतीत ठाण मांडून होतं. अंग काढून घ्यायचं होतं ते मुख्यतः युरोपातल्या लढायांतून. शेजाऱ्यांना हा नियम नव्हता.

नेहरूंच्या भारताचा अलिप्ततावाद शीतयुद्धातला, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या गटांतल्या चढाओढीच्या काळातला. १९६१ मध्ये बेलग्रेडला पंचवीस देश जमले, ते जगाकडे पाठ फिरवायला नव्हे. कोणत्याही लष्करी गटात नाव नोंदवायचं नाही, पण प्रत्येक प्रश्नावर आपलं मत द्यायचं, असा तो पवित्रा. त्याआधीच कोरियातल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला नेमलेल्या आयोगाचं अध्यक्षपद १९५३ मध्ये भारताकडे, जनरल थिमय्यांकडे आलं होतं. १९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तमधल्या सुएझ कालव्यासाठी केलेल्या हल्ल्याचा भारताने निषेध केला, पुढे काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी सैनिक धाडले. ज्याला जगाशी देणंघेणं नाही, तो एवढी उठाठेव कशाला करील?

त्यामुळे कुठे 'अलिप्त' दिसलं की मी विचारतो, गटापासून की जगापासून? बहुतेक वेळा एवढ्यावर उलगडा होतो. ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार मात्र इथे अडतो. हल्ल्याचा धोका आला तर तातडीने सल्लामसलत करायची, असं त्यात लिहिलं होतं. ही लष्करी युती नव्हे, हे सरकारचं म्हणणं अक्षरशः खरं. तरी गटापासूनचं अंतर तेव्हा बरंच कमी झालं होतं, असंच मला वाटतं.