लिन्सी-वूल्सी म्हणतात, पण असते कॅलामँको

न्यू इंग्लंडमधली (अमेरिकेचा ईशान्य भाग) १८व्या शतकातली एकरंगी लोकरीची क्विल्ट, म्हणजे आपल्या गोधडीसारखं पांघरूण, दिसली की बरेच जण तिला सरळ लिन्सी-वूल्सी म्हणून मोकळे होतात, आणि मला हे खरंच खटकतं कारण त्यातल्या बऱ्याचशा कॅलामँको असतात.

लिन्सी-वूल्सीत ताणा लिननचा म्हणजे जवसाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचा आणि बाणा लोकरीचा, जाडंभरडं रोजच्या वापराचं कापड. कॅलामँकोत उभा-आडवा दोन्ही धागा लोकरीचाच, तोही वर्स्टेड, लांब तंतू विंचरून घट्ट पीळ दिलेला. इंग्लंडातलं नॉरिच याचं मोठं केंद्र, तिथून माल जहाजाने अमेरिकेत यायचा. विणून झालं की कापड गरम करून दाबायचे, त्याने चकाकी यायची.

आणि या चकाकीवरच तर सगळं डिझाईन उभं आहे! या क्विल्ट होलक्लॉथ, म्हणजे वरच्या बाजूला तुकड्यांची नक्षी नाही, एकच रंग, बऱ्याचदा निळीचा (इंडिगोचा) गडद निळा (पन्हा लहान असल्याने पट्ट्या जोडलेल्या असतात, ते शिवण बघून फसू नका), त्यामुळे जी काय नक्षी ती टाक्यांचीच. टाका आपल्या गोधडीचाच, साधा धावदोरा, पण त्यातून मोठाली फुलं, वळणदार पिसं, वेली, कधी अननस काढलेले आणि मधली जागा जवळजवळच्या तिरक्या रेघांनी भरलेली. टाके दाट तिथे आतली पिंजलेली लोकर दबते, विरळ तिथे फुगते, मग तिरका उजेड पडला की ते पीस कापडातून वर आल्यासारखं दिसतं, फोटोत ही मजा अर्धीही येत नाही. काहींचे खालचे दोन कोपरे कापलेले असतात, पलंगाच्या खांबांसाठी.

आता ओळखायचं कसं? नुसत्या चकाकीवर जाऊ नका, वापरून आणि धुऊन ती उतरते आणि मग कॅलामँकोही साधीच दिसते. अस्तरावरूनही ठरवू नका, ते बऱ्याचदा वेगळ्याच, जाड्या लोकरी कापडाचं असतं. वरच्या कापडाची कड कुठे विरली असेल तिथे भिंग घेऊन दोन्ही दिशांचे धागे बघा, एका दिशेचा गुळगुळीत, ताठ, बिनलवेचा असेल तर तो लिनन, दोन्ही लोकरीचे निघाले तर ती लिन्सी-वूल्सी नाहीच.

अमेरिकेत असाल तर व्हरमाँटच्या शेलबर्न म्युझियमचा क्विल्टचा संग्रह नक्की बघा. आणि अशी क्विल्ट हाती आली तर प्लीज पाण्यात घालू नका, गेलेली चकाकी घरी परत आणता येत नाही.