ऑफिसात आणलेल्या वस्तूवर आक्षेप आला, नोटीस मिळाली: खुलासा कसा द्यायचा, कागदपत्रं कोणती जोडायची

टेबलावरचा मग, भिंतीवरचं कॅलेंडर, लॅपटॉपवरचा स्टिकर, टी-शर्टवरची एखादी ओळ. आणणाऱ्याच्या मनात काहीच नसतं, पण कुणाला तरी ते लागतं आणि एचआरची मेल येते: ‘आपण लेखी खुलासा सादर करावा.’ बहुतेक जण घाईघाईत एकच ओळ लिहून मोकळे होतात, ‘माझा तसा हेतू नव्हता.’ ओळ खरी असते, पण चुकीच्या जागी पडते.

हेतू कुठे मोजला जातो

चौकशीत दोन वेगळे प्रश्न असतात. नियमभंग झाला का, हा पहिला. झाला असेल तर कारवाई किती, हा दुसरा. हेतूचं वजन मुख्यतः दुसऱ्या प्रश्नात पडतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९चा करार क्रमांक १९० छळाची व्याख्या करताना हानी करण्याच्या उद्देशाने केलेलं वर्तन तर धरतोच, पण ज्यातून हानी होते किंवा होण्याची शक्यता असते तेही धरतो. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यातही ‘उद्देश किंवा परिणाम’ असेच शब्द आहेत. मात्र परिणाम ठरवताना तिथे तीन गोष्टी बघाव्या लागतात: तक्रारदाराला काय वाटलं, आजूबाजूची परिस्थिती काय होती, आणि तसं वाटणं वाजवी होतं का. खुलाशात सगळ्यात जास्त जागा मिळते ती दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे परिस्थितीला. भारताच्या २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कसोटी ‘नकोसं’ वर्तन ही आहे आणि अश्लील साहित्य दाखवणं त्यात स्पष्ट नोंदवलेलं आहे. ‘गंमत म्हणून कॅलेंडर लावलं’ हा बचाव तिथे टिकत नाही.

चिन्हांचं प्रकरण जास्त नाजूक. स्वस्तिक हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेत शुभ, पण १९२०मध्ये नाझी पक्षाने तशीच आकृती उचलली आणि आज युरोपात बघणाऱ्याला आधी तेच आठवतं. जर्मनीत फौजदारी संहितेच्या कलम ८६अ नुसार बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे. तिथल्या ऑफिसात किल्लीच्या रिंगवरच्या स्वस्तिकाचा खुलासा द्यायची वेळ आली, तर ‘आमच्यात हे शुभ असतं’ एवढं म्हणून भागत नाही. वस्तू कुठून आली, कशासाठी होती, कुठे ठेवली होती, हे दाखवावं लागतं.

ही प्रक्रिया कुणाला लागू होते

कायम कर्मचाऱ्याला तर होतेच. प्रोबेशनवर असलेल्यांनी आणि कंत्राटदारामार्फत आलेल्यांनी आधी आपला नियोक्ता कोण ते बघावं, कारण खुलासा त्याच्याकडे जातो. ज्या ऑफिसात बसता त्याच्याकडे फक्त प्रत.

सोबत माणूस नेण्याचा हक्क देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये शिस्तभंगाच्या सुनावणीला सहकारी किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नेता येतो. त्याला ती वेळ जमत नसेल तर पाच कामाच्या दिवसांच्या आतली दुसरी वाजवी वेळ सुचवता येते. अमेरिकेत १९७५च्या वाइनगार्टन निकालाने, ज्या चौकशीतून कारवाई होईल अशी रास्त भीती आहे त्या चौकशीत संघटनेचा प्रतिनिधी बोलावण्याचा हक्क संघटित कामगारांना दिला, पण तो कामगाराने स्वतः मागावा लागतो. गप्प बसलात तर हक्क वापरलाच नाही असं होतं. भारतात २०१३च्या कायद्याखालच्या, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीसमोर वकील चालत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

कागदपत्रं

नोटीस मिळाली की वस्तू फेकून द्यायची पहिली इच्छा होते. फेकू नका. नजरेआड ठेवा, किंवा एचआरने मागितली तर पोच घेऊन द्या. गायब झालेली वस्तू पुरावा लपवल्यासारखी दिसते. चॅट आणि मेल पुसण्याचंही तेच.

मग ही फाईल तयार करा. नोटिशीची प्रत आणि ती मिळाल्याची तारीख. ज्या नियमाचा भंग झाला म्हणतात तो आचारसंहितेतला नेमका परिच्छेद, आणि तो तुम्हाला कधी दिला गेला याची नोंद. नोटिशीत परिच्छेद दिलेला नसेल तर तो लेखी मागा. वस्तूचे फोटो, आकार कळेल असे, आणि ती जिथे होती त्या जागेचाही फोटो. (पाठीमागच्या ड्रॉवरमधली वस्तू आणि दारासमोर लावलेली वस्तू यांत पुष्कळ फरक पडतो.) खरेदीची पावती किंवा भेट मिळाल्याचा मेसेज. वस्तू किती दिवसांपासून तिथे होती आणि मध्ये कुणी काही बोललं होतं का. आधी कुणी सांगूनही तुम्ही ती हलवली नसेल, तर लपवू नका. समोरच्याकडे तो मेसेज असतोच. शेवटी स्वतःची सेवेची नोंद, पूर्वी ताकीद नसल्यास तसं.

खुलाशाची मांडणी

मी दोन-चार जणांना असे खुलासे लिहायला मदत केली आहे आणि दर वेळी क्रम उलटा लिहिलेला सापडला: आधी बचाव, मग तक्रारदारावर टोमणा, शेवटी माफी. क्रम असा ठेवा: आधी वस्तुस्थिती, मग दुसऱ्यावर झालेला परिणाम, मग आपल्याला काय ठाऊक नव्हतं, आणि शेवटी आपण काय केलं. उदाहरणार्थ:

‘सदर मग मी माझ्या टेबलावर ठेवला होता, हे खरं आहे. त्यावरच्या मजकुराने सहकाऱ्याला दुखावलं, याची मला जाणीव झाली आहे. त्या शब्दांचा तो अर्थ मला ठाऊक नव्हता. हा मग मला भेट मिळाल्याचा मेसेज सोबत जोडला आहे. नोटीस मिळताच मी तो टेबलावरून काढून ठेवला.’

‘कुणाला वाईट वाटलं असल्यास’ हे टाळा. वाईट वाटलंय, म्हणून तर नोटीस आली. आरोपातलं जे चुकीचं आहे ते मात्र स्पष्ट नाकारा. सौजन्य म्हणून न केलेलं कबूल करायची गरज नाही. तक्रारदाराला एकट्याने गाठून समजावायला जाऊ नका, त्यावरून दबाव आणल्याची दुसरी तक्रार होऊ शकते. माफी मागायची असेल तर एचआरमार्फत.

मुदत पुरत नसेल तर ती संपायच्या आत, कारण देऊन, वाढ मागा. अंतर्गत समितीपुढच्या प्रकरणात तक्रारीची प्रत मिळाल्यावर उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यायला जास्तीत जास्त दहा कामाचे दिवस असतात. लागोपाठ तीन सुनावण्यांना विनाकारण गैरहजर राहिलात, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन समिती एकतर्फी निर्णय देऊ शकते.

निर्णय आणि अपील

पहिल्याच वेळी, अजाणतेपणी आणि वस्तू लगेच हलवलेली, असं असेल तर साधारणपणे तोंडी समज किंवा लेखी ताकीद असते. थेट नोकरी जाणं अशा प्रकरणात विरळा, पण वस्तू अश्लील किंवा उघड द्वेष पसरवणारी असेल तर भरवसा धरू नका.

ताकीद मिळाली तर दोन गोष्टी विचारा: ती फाईलमध्ये किती महिने धरली जाणार, आणि अपील कुणाकडे. चौकशी ज्याने केली त्याच्याकडेच अपील जात असेल, तर तेवढा आक्षेप अपिलाच्या पहिल्या परिच्छेदात नोंदवा. भारताच्या २०१३च्या कायद्याखाली अपिलाची मुदत ९० दिवस आहे. एरवी कंपनीच्या नियमांत अगदी थोडे दिवसही असू शकतात, म्हणून आदेश हातात पडला त्या दिवशीच तारीख टाकून पोच घ्या.